चोवीसचा हिशेब आणि घरातली वाटणी

७८६ या आकड्याला आपल्या घरांत मान आहे. रिक्षाच्या काचेवर, दुकानाच्या गल्ल्यावर, कधी लग्नपत्रिकेच्या माथ्यावर तो दिसतो. ज्या नोटेच्या नंबरात ७८६ आले ती नोट खर्च न करता पाकिटात जपून ठेवणारे एकदोघे आपल्या ओळखीत असतातच. बिस्मिल्लाहच्या अक्षरांच्या अबजद किमतींची बेरीज ७८६ होते, हा त्याचा उगम. असा आकडा लिहावा की लिहू नये, यात आम्ही पडत नाही. आम्ही शाळेत गणित शिकवतो, आणि एखादी संख्या समोर आली की तिला कशाकशाने भाग जातो हे पाहायची आम्हाला खोड आहे. ७८६ ला आठ संख्यांनी भाग जातो : १, २, ३, ६, १३१, २६२, ३९३ आणि ७८६. सहाच्या पुढे उडी थेट १३१ वर. म्हणजे ७८६ बोरे चार मुलांत किंवा आठ मुलांत सारखी वाटता येणार नाहीत. मानाची संख्या खरी, पण वाटायला कठीण.

आता २४ घ्या. तिलाही विभाजक आठच : १, २, ३, ४, ६, ८, १२ आणि २४. पण पाहा, कसे एकाला एक लागून बसले आहेत. २४ बोरे दोघांत वाटा, तिघांत, चौघांत, सहा जणांत, आठ जणांत, बारा जणांत वाटा. एकही बोर कापावे लागत नाही. २४ पेक्षा लहान अशी एकही संख्या नाही जिला आठ विभाजक आहेत. १२, १८ आणि २० यांची मजल सहापर्यंत, बाकीच्यांची त्याहून कमी. आणखी एक गुण असा, की २४ चे वर्गमूळ पाचपेक्षा थोडे कमी आहे. त्या वर्गमूळाहून लहान संख्या १, २, ३, ४, आणि या चारही संख्यांनी २४ ला पूर्ण भाग जातो. असा गुण असलेली २४ ही शेवटची संख्या. पुढे कितीही मोजत जा, दुसरी मिळत नाही.

जुन्या लोकांना हे अनुभवाने ठाऊक होते. सुताराच्या गजाचे २४ तसू. दिवसाचे २४ तास. इजिप्तमध्ये आजही जमीन फद्दानमध्ये मोजतात आणि एका फद्दानचे २४ किरात होतात. हाच किरात शब्द फिरत फिरत सोनाराच्या दुकानात कॅरेट होऊन आला. शुद्ध सोने म्हणजे २४ पैकी २४ भाग सोने. २२ भाग सोने आणि दोन भाग दुसरा धातू, म्हणजे २२ कॅरेट. दागिन्यावर ९१६ कोरलेले असते ते याच हिशेबाने : २२ ला २४ ने भागा, हजाराने गुणा, ९१६ आणि वर थोडे येते. १८ कॅरेटच्या दागिन्यावर ७५० का असते ते मुलांना काढायला सांगा.

मुलांना आवडणारा एक खेळ आहे. तीनपेक्षा मोठी कोणतीही मूळ संख्या घ्या, तिचा वर्ग करा आणि त्यातून एक वजा करा. उत्तराला २४ ने भाग जातोच. ५ चा वर्ग २५, त्यातून १ गेला, २४. ७ चा वर्ग ४९, उरले ४८. ११ चे १२०, १३ चे १६८, १७ चे २८८. सगळे २४ च्या पाढ्यात. मुले मोठमोठ्या मूळ संख्या शोधून आणतात, की कुठे तरी हे चुकेल. चुकत नाही, आणि का चुकत नाही हे आठवीच्या मुलाला समजते. वर्गातून एक वजा करणे म्हणजे त्या संख्येच्या मागच्या आणि पुढच्या संख्येचा गुणाकार. मूळ संख्या विषम, म्हणून तिचे दोन्ही शेजारी सम. आणि लागोपाठच्या दोन सम संख्यांपैकी एकीला चारने भाग जातो. गुणाकाराला आठने भाग गेला. शिवाय लागोपाठच्या तीन संख्यांत एक तरी तीनच्या पाढ्यातली असते. मधली मूळ आहे, म्हणून ती शेजाऱ्यांपैकीच एक. आठ त्रिक चोवीस. झाली सिद्धता.

दुसरी गंमत सिद्ध करायला मात्र मोठे गणिती लागले. फळवाला मोसंब्यांचा चौकोनी मनोरा रचतो : वर एक, त्याखाली चार, त्याखाली नऊ, मग सोळा. असे २४ थर रचले तर एकूण ४९०० मोसंबी लागतात. ४९०० म्हणजे ७० गुणिले ७०. म्हणजे तोच मनोरा मोडून जमिनीवर मांडला तर ७० ओळींचा बरोबर चौरस होतो, एकही मोसंबे कमी नाही, जास्त नाही. एकाच मोसंब्याचा ‘मनोरा’ सोडला तर २४ थरांशिवाय दुसऱ्या कोणत्याही उंचीला हे जमत नाही. फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी १८७५ साली हा प्रश्न गणितज्ञांपुढे ठेवला आणि वॉटसन यांनी १९१८ साली तो पूर्ण सोडवला.

आता २४ च्या त्या कामाकडे येऊ, ज्यासाठी आम्ही आज लिहायला बसलो.

उहुदची लढाई हिजरी सन ३ मधली, म्हणजे इ. स. ६२५. तिथे शहीद झालेल्यांत मदीनेचे हजरत साद बिन रबीअ (रजि.) होते. मागे पत्नी आणि दोन मुली. सादच्या भावाने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सगळा माल ताब्यात घेतला. ती बाई दोन्ही मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. मुलींचा चुलता सगळे घेऊन बसला आहे, आणि मालाशिवाय यांचे निकाह होणार कसे, ही तिची तक्रार. हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. त्यानंतर वारशाची आयत उतरली. प्रेषितांनी भावाला बोलावून सांगितले, की मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, मग उरेल ते तुझे.

फळ्यावर मांडा. छेद एक ३, दुसरा ८. दोघांत बसेल अशी लहानात लहान संख्या, म्हणजे लसावि, ज्याला उर्दू शाळेत जू-अज्आफ-अकल म्हणतात, ती २४. मुलींचे १६, आईचे ३, एकूण १९. उरले ५. ज्या भावाने २४ पैकी २४ उचलले होते, त्याच्या हाती ५ राहिले आणि १९ तीन बायकांच्या घरी गेले.

सूरह निसामध्ये, ११, १२ आणि १७६ या आयतींत मिळून, ठरवून दिलेले हिस्से सहाच प्रकारचे आहेत : अर्धा, चौथा, आठवा, दोन तृतीयांश, एक तृतीयांश आणि सहावा. या सहांपैकी जे जे एका घरात एकत्र येतात त्यांचा लसावि काढायचा, आणि तो त्या घराच्या हिशेबाचा पाया. फराइजच्या इल्ममध्ये त्याला अस्ल-ए-मसला म्हणतात. सगळ्या शक्यता तपासल्या तर पाये सात मिळतात : २, ३, ४, ६, ८, १२ आणि २४. वाचकांच्या लक्षात आले असेल, की ही २४ च्या विभाजकांचीच यादी आहे, फक्त १ वगळून. दुनियेतले कोणतेही घर घ्या, आईबाप असोत नसोत, मुली एक असो वा सहा, ठरलेले हिस्से या २४ च्या कुटुंबातच मांडले जातात.

यातला २४ कधी लागतो, हे आम्ही मोठ्या वर्गातल्या मुलांना शोधायला लावतो. ८ चा छेद असल्याशिवाय २४ येत नाही. आणि आठवा हिस्सा सहा हिश्शांपैकी एकाच व्यक्तीचा आहे : मुलेबाळे ठेवून गेलेल्या माणसाच्या पत्नीचा. पत्नी एकाहून अधिक असल्या तर त्या एका आठव्यातच वाटेकरी. मुलीला आठवा नाही, आईला नाही, बापाला नाही, नवऱ्यालाही नाही. म्हणून २४ चा पाया फक्त तिथेच दिसतो, जिथे मागे मुलांसह एक विधवा आहे. तिचे नाव गाळा, आणि उरलेल्या आईबाप-मुलींचा हिशेब ६ मध्ये भागतो. २४ ची गरजच राहत नाही. कुणी फराइजचा कागद समोर ठेवला आणि पाया २४ दिसला, तर नावे न वाचताही सांगता येते की या घरातली बाई हिशेबात धरली आहे. कागदावर ६ दिसला आणि मय्यतची पत्नी हयात आहे हे आपल्याला ठाऊक असेल, तर विचारायला हवे.

हा हिशेब इतका रोजच्या गरजेचा होता की त्याने गणिताला पुढे ढकलले. इ. स. ८२० च्या सुमारास बगदादमध्ये मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांनी ज्या ग्रंथातून जगाला ‘अल्जेब्रा’ हा शब्द दिला, त्याचा मोठा भाग वसीयत आणि वारशाच्या उदाहरणांनी भरलेला आहे. समीकरणे शिकवून झाली, की अमक्याने दोन मुलगे सोडले आणि परक्याला मालाचा काही भाग देण्याची वसीयत केली, तर प्रत्येकाचे किती, अशी उदाहरणे सुरू होतात. आपल्या मदरशांतून अजून शिकवली जाणारी सिराजुद्दीन सजावंदी यांची ‘सिराजी’ ही हनफी फराइजची पोथी तर विल्यम जोन्स यांनी १७९२ साली कलकत्त्यात इंग्रजीत आणली, कारण कंपनीच्या न्यायाधीशांना मुसलमानांच्या वाटण्या कळत नव्हत्या. आमच्या मते ‘सिराजी’ हे अपूर्णांकांचे उत्तम पाठ्यपुस्तक आहे. शाळेतल्या पुस्तकात रमेशने कलिंगडाचा तिसरा भाग खाल्ला एवढ्यावर मुलांचे समाधान करतात. इथे प्रत्येक अपूर्णांकामागे एक माणूस उभा असतो.

२४ चा सर्वात गाजलेला हिशेब मिंबरवरचा. हजरत अली (रजि.) कुफ्यात खुत्बा देत असताना कुणी उठून विचारले, असे सांगितले जाते : एक माणूस वारला, मागे पत्नी, दोन मुली, बाप आणि आई. पत्नीचे काय? मांडून पाहा. पत्नीचा आठवा म्हणजे ३. मुलींचे दोन तृतीयांश म्हणजे १६. बापाचा सहावा ४, आईचा सहावा ४. बेरीज २७. भांडे २४ चे आणि मागणी २७ ची. हजरत अली यांनी खुत्बा न थांबवता उत्तर दिले, की तिचा आठवा नववा झाला. म्हणजे पाया २४ ऐवजी २७ धरायचा, हिस्से तेच ठेवायचे, आणि २७ पैकी ३ म्हणजे नववा भाग. याला औल म्हणतात. यात प्रत्येकाचा हिस्सा सारख्याच प्रमाणात, एक नवमांशाने, कमी होतो. कुणा एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याचे ताट भरले जात नाही. औलची सुरुवात हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत झाली असे मानतात, तिथे नवरा आणि दोन बहिणी यांची बेरीज ६ ऐवजी ७ झाली होती. हजरत इब्न अब्बास (रजि.) यांना ही पद्धत मान्य नव्हती. शिया जाफरी फिकहमध्येही औल नाही. तिथे तूट मुलींच्या वाट्यात धरतात आणि या घरात मुलींना १६ ऐवजी १३ मिळतात. गणिताच्या दृष्टीने पाहण्यासारखे हे, की २४ चा औल २७ वरच थांबतो. ६ चा पाया ७, ८, ९, १० असा चढत जातो, १२ चा १३, १५, १७ असा. २४ चा फक्त २७. आणि याच घरात दोनऐवजी एकच मुलगी असती तर? तिचा अर्धा १२, पत्नीचे ३, आईबापाचे ४ आणि ४, एकूण २३. एक उरला, तो बापाकडे जातो.

रोजच्या अनुभवातले घर याहून साधे असते. समजा एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, म्हातारी आई, एक मुलगा, दोन मुली. कफन-दफनाचा खर्च आधी. मग कर्ज, आणि पत्नीचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तेही कर्जच, हे पुष्कळ ठिकाणी विसरले जाते. मेहर तिचे येणे आहे, तिच्या आठव्यात ते धरायचे नाही. मग वसीयत असेल तर उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत. त्यानंतर हाती राहिले समजा २४ लाख. पत्नीचे ३ भाग, आईचे ४. उरले १७. मुलाला दोन आणि प्रत्येक मुलीला एक या प्रमाणात त्याचे चार वाटे करायचे, पण १७ ला चारने भाग जात नाही. इथे तस्हीह करतात : सगळ्याला चारने गुणायचे. २४ चे ९६ झाले. पत्नी १२, आई १६, मुलगा ३४, मुली १७ आणि १७. बेरीज करून पाहा, ९६. रुपयांत पत्नीला ३ लाख, आईला ४ लाख, मुलाला साडेआठ लाख, प्रत्येक मुलीला सव्वाचार लाख.

आता हा कागद तलाठ्याकडे जायच्या आधी घरात काय होते, ते पाहू. वारसांची नावे लावायची वेळ येते, आणि त्याबरोबरच हक्कसोडपत्राचा मसुदाही तयार होऊन येतो. बहिणींना सांगतात, तुझ्या लग्नात एवढा खर्च झाला, माहेर तुटेल, भावाकडे ईदला तोंड कोणत्या तोंडाने दाखवशील. ती सही करते आणि लोक म्हणतात, तिने खुशीने माफ केले. ९६ पैकी ३४ तिथल्या तिथे फिरतात. आईचे १२ आणि आजीचे सोळाही कुणी विचारत नाही. त्या घरातच राहणार, त्यांना वेगळे कशाला, असे म्हणून ते मुलाच्या नावाखाली जातात. आमच्या वर्गातल्या मुलींना आम्ही हा हिशेब मुद्दाम करायला देतो. १७ हा आकडा एकदा स्वतःच्या हाताने काढला की तो विसरत नाही.

स्वखुशीने हिस्सा सोडायची वाट फिकहमध्ये आहे. तिला तखारुज म्हणतात : एखादा वारस घर किंवा दागिना किंवा रोख असे काही ठरवून घेतो आणि बाकी मालातून बाहेर पडतो. पण ‘सिराजी’ची रीत नीट पाहावी. बाहेर पडणाऱ्यालाही आधी हिशेबात धरून सर्वांचे भाग काढायचे, मग त्याचे भाग वजा करायचे. तो नव्हताच असे समजून सुरुवात केली तर इतरांचेही हिस्से चुकतात. सोडायचे ते किती, हे सोडणाऱ्याला आधी कळले पाहिजे. आमच्याकडे बहुतेक कागदांत हा पहिला हिशेबच नसतो.

रूढीचे वजन किती, याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. १८४७ साली मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन मुलींनी कुरआनप्रमाणे वाटा मागितला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी जमातीची रूढी ग्राह्य धरली आणि मुलींना हात हलवत परतावे लागले. अशा रूढी बाजूला सारणारा शरीअत कायदा यायला १९३७ साल उजाडले, आणि त्याच्याही दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळलेली होती.

गंमत अशी, की आपल्या आजोबांच्या वेळच्या नाण्याला हा हिशेब अगदी सोयीचा होता. १६ आण्यांचा रुपया, १२ पैचा आणा, म्हणजे रुपयाचे १९२ पै. त्याला २४ ने बरोबर आठ वेळा भाग जातो. जमिनीचे हिस्से आणेवारीत लिहीत तेव्हा विधवेचा आठवा म्हणजे २ आणे, आईचा सहावा २ आणे ८ पै, दोन मुलींचे मिळून १० आणे ८ पै, आणि उरलेला चोविसावा भाग ८ पै. कुठेही तुकडा नाही. १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले, आणि १०० ला तीननेही भाग जात नाही, आठनेही नाही. टक्केवारीत वाटणी लिहू पाहणाऱ्यांचे त्यामुळे ६६.६६ आणि १२.५ असे होते, आणि शेवटचा पैसा कुणाचा यावरून दोन भाऊ भांडतात. आमचा सल्ला, टक्के बाजूला ठेवा आणि भाग लिहा : २४ पैकी इतके, ९६ पैकी इतके.

घरातल्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी एक उदाहरण देऊन ठेवतो. एक बाई वारली. तिच्या स्वतःच्या मालकीचे २६ तोळे सोने. मागे नवरा, एक मुलगी, बाप आणि आई. नवऱ्याचा चौथा, मुलीचा अर्धा, आईबापाचा सहावा-सहावा. इथे आठवा नाही, म्हणून पाया २४ नसून १२ आहे, आणि बेरीज त्याहून थोडी वर जाते. प्रत्येकाला किती तोळे? उत्तरात अपूर्णांक येत नाही, एवढी खूण पुरे.